वर्गातील दमणारे मूल : हृदयविकाराची ओळख आणि तपासणी



राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक आपल्या शाळेत वर्षातून एकदा येते. त्या दिवशी पटावरील सर्व मुले तपासून व्हावयाची असतात. साहजिकच एकेका मुलाच्या वाट्यास थोडीच मिनिटे येतात. उलट, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षातून किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे २२० दिवस भरावे लागतात. म्हणजे जे मूल डॉक्टरांच्या नजरेस एकदा पडते, तेच शिक्षकाच्या नजरेखालून दोनशे वेळा जाते. डॉक्टरांचे ज्ञान आपणांजवळ नाही आणि ते असल्याचा आव आपण आणूही नये; परंतु हे दोनशे दिवस डॉक्टरांजवळ नसतात. हृदयविकाराच्या बाबतीत या दिवसांचे मोल फार मोठे आहे.

आपल्या जिल्ह्यास या गोष्टीचा एक जुना धागा आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. सक्तीमुळे धडधाकट मुलाबरोबर दुखणाईत मूलही शाळेच्या दारात आले. जे मूल पूर्वी परड्यात किंवा चुलीपाशी बसून राहिले असते, ते चारचौघांत बसू लागले, आणि चारचौघांत बसले म्हणजे कोणाचा श्वास लवकर लागतो हे सहज दिसून येते. घरी एकट्या मुलाकडे पाहून आईच्या ध्यानी जे येत नाही, ते एकाच वयाच्या तीस मुलांत शिक्षकाच्या ध्यानी येते. तुलना ही शाळेची सोय आहे. तिचा उपयोग केवळ गुणपत्रिकेपुरता करू नये.

मुलांतील हृदयविकार ढोबळ मानाने दोन प्रकारचे असतात. काही जन्मतःच असतात; काही शाळेच्या वयात जडतात.

जन्मजात दोष साधारणतः हजार नवजात बालकांमागे आठ-नऊ बालकांत आढळतात. यातील गंभीर दोष बहुधा शाळेत येण्यापूर्वीच उघड होतात. परंतु हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास लहानसे छिद्र असेल, तर ते मूल सातवी-आठवीपर्यंत निर्वेध जाऊ शकते. खेड्यात याला ‘काळजाला भोक’ असे म्हणतात. हे नाव ऐकताच घरात रडारड सुरू होते; म्हणून शिक्षकाने हा शब्द आपल्या तोंडून कधीही काढू नये. काही छिद्रे वयाबरोबर आपोआप बुजतात, काही शस्त्रक्रिया न करता पायाच्या शिरेतून नळी घालून बंद करता येतात, आणि उरलेल्यांना शस्त्रक्रिया लागते. कोणते छिद्र कोणत्या प्रकारचे, हे तपासणीवाचून कोणासच सांगता येणार नाही.

एक खूण मात्र अशी आहे की ती डॉक्टरांच्या खोलीत सहसा दिसत नाही, शाळेच्या वाटेवर दिसते. काही मुले थोडे अंतर चालली की उकिडवी बसतात. घटकाभर बसून पुन्हा उठतात आणि चालू लागतात. घरचे याला खोड म्हणतात, शिक्षक आळस म्हणतात. वास्तविक त्या मुलाच्या फुप्फुसांकडे रक्त पुरेसे जात नसते आणि उकिडवे बसल्याने ते काहीसे अधिक जाते. शरीराने हा उपाय स्वतःच शोधून काढलेला असतो. अशा निळसर पडणाऱ्या मुलांची ही बसण्याची रीत अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी बारकाईने नोंदविली, आणि त्यांच्याच कल्पनेवरून १९४४ साली शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अशा बालकांवर पहिली शस्त्रक्रिया केली. आरंभ निरीक्षणापासून झाला, हे शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावे.

निळसरपणा पाहावयाचा तो जीभ आणि ओठ यांवर. केवळ नखे पाहून निष्कर्ष काढू नये. गगनबावड्यास आषाढातील सकाळी भिजून आलेल्या कोणत्याही निरोगी मुलाची नखे निळी दिसतील. नखांची दुसरी खूण अधिक भरवशाची आहे. मुलास दोन्ही हातांची तेच बोट, समजा तर्जनी, नखाला नख लावून जुळविण्यास सांगावे. निरोगी बोटांमध्ये नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट राहते. रक्तातील प्राणवायू दीर्घकाळ कमी असेल, तर बोटांची टोके ढोलाच्या टिपरीसारखी फुगीर होतात आणि ही फट बुजून जाते. दक्षिण आफ्रिकेतील हृदयतज्ज्ञ लिओ शामरॉथ यांनी स्वतः आजारी असताना आपल्याच बोटांवर हा बदल पाहिला व १९७६ साली प्रसिद्ध केला. फट बुजण्यास फुप्फुसांचे विकारही कारण होतात. म्हणून ही खूण दिसली तर ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच म्हणावे.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. याविषयी मी अधिक विस्ताराने लिहीत आहे, कारण हा विकार बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे, तो पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांनाच विशेष गाठतो, आणि त्याच्या खुणा शाळेच्या कामातच उमटतात. डॉक्टर मंडळी ज्यास ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात, तो हा संधिज्वर.

त्याचा उगम घशात होतो. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंमुळे घसा येतो. ताप एकाएकी चढतो, गिळताना दुखते, मानेतील गाठी हाताला लागतात व दुखऱ्या असतात. मात्र नाक गळणे आणि खोकला हे सर्दीचे नेहमीचे सोबती बहुधा नसतात. चार-सहा दिवसांत घसा बरा होतो आणि मूल पुन्हा वर्गात येते. सामान्यतः गोष्ट येथेच संपते. परंतु काही थोड्या मुलांत दोन-तीन आठवड्यांनी दुसरा अंक सुरू होतो. जंतूंचा प्रतिकार करण्यासाठी शरीराने उभारलेले सैन्य घरच्यांनाच शत्रू समजू लागते. जंतूंच्या आवरणातील काही द्रव्ये व हृदयाच्या पेशीजालातील काही द्रव्ये एकमेकांसारखी असल्याने ही गफलत होते. त्यात सांधे सुजतात, पण सांधे पुढे सुधारतात. हृदयाच्या झडपा मात्र जखमी होतात आणि त्या जखमेचा वण राहून जातो. एकामागून एक असे झटके येत गेले, म्हणजे झडप जाड होते, तिच्या कडा चिकटतात, ती नीट उघडत नाही अथवा नीट मिटत नाही. डाव्या बाजूची द्विदल झडप बहुधा प्रथम बळी पडते. मूल पाचवीत असताना झालेली ही इजा पुष्कळदा विशी-पंचविशीत, आणि मुलींच्या बाबतीत कधी पहिल्या बाळंतपणात, प्रथम उघडकीस येते.

घसा आल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले, तर संधिज्वर टाळता येतो. याकरिता ताप आणि गिळताना दुखणे या दोन गोष्टी एकत्र असतील तेव्हा ‘मिठाच्या गुळण्या कर’ एवढे सांगून न थांबता मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविण्याचा आग्रह धरावा. औषध द्यावयाचे की नाही हे तेथील डॉक्टर ठरवतील. आणि दिले तर दोन दिवसांत बरे वाटले म्हणून ते अर्ध्यावर सोडू नये.

सांधेदुखीचे एक वैशिष्ट्य आहे. ती फिरती असते. आज उजवा गुडघा सुजला, परवा तो उतरला आणि डावा घोटा धरला, पुढे कोपर किंवा मनगट. मोठे सांधे धरले जातात. वाढत्या वयातील मुलांचे पाय रात्री दुखतात, ते दुखणे निराळे. त्यात सूज नसते, दोन्ही पाय दुखतात आणि सकाळी मूल उड्या मारीत शाळेत येते. फिरत्या सुजेचे दुखणे साध्या वेदनाशामक गोळीने लवकर उतरते, हीच त्यातील फसवणूक आहे. गुडघा बरा झाला म्हणजे घरचे विसरून जातात, आणि हृदयाकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

पावसात भिजल्याने हा रोग होतो अशी समजूत आपल्या पश्चिमेकडील तालुक्यांत, राधानगरी-शाहूवाडीकडे, ऐकू येते. भिजण्याचा दोष नाही. पावसाळ्यात सारे कुटुंब एका खोलीत, दारे-खिडक्या लावून झोपते, आणि एकाच्या घशातील जंतू दुसऱ्याच्या घशात जातात. ज्या देशांत राहण्याची घरे प्रशस्त झाली आणि घशाच्या दुखण्यावर वेळीच उपचार होऊ लागले, तेथून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. गरीब देशांत तो अजून ठाण मांडून आहे. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्याविरुद्ध स्वतंत्र ठराव संमत केला, तो याच कारणास्तव.

या रोगाची आणखी एक खूण आहे. ती शिक्षकाखेरीज अन्य कोणास प्रथम दिसणे कठीण. ती म्हणजे बिघडलेले हस्ताक्षर.

संधिज्वराचा परिणाम कधीकधी मेंदूच्या काही भागावर होतो. १६८६ साली टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने या विकाराचे वर्णन केले. त्यास कोरिया म्हणतात. मुलाचे हात, खांदे, चेहरा आपोआप हालू लागतात. मूल एका जागी स्थिर राहात नाही, हातातील पेला सांडते, पेन्सिल गळून पडते, जीभ बाहेर काढून ठेवावयास सांगितली तर ती पटकन आत जाते. स्वभावही बदलतो, क्षणात रडू, क्षणात हसू. झोपेत हे सारे थांबते. मुलींत हे अधिक आढळते, आणि घसा आल्यानंतर काही महिन्यांनीही ते दिसू शकते. त्यामुळे घशाची आठवण कोणास उरलेली नसते.

शाळाभेटीत मी वह्या पाहतो, हे आपण जाणताच. एका शाळेत चौथीच्या एका मुलीची वही उलगडली तेव्हा दिवाळीपूर्वीची पाने टाकाने काढल्यासारखी होती आणि त्यानंतरची पाने जणू दुसऱ्याच कोणी लिहिली होती. ओळ सुटलेली, काना लांब, वेलांटी तिसऱ्याच अक्षरावर. पानाखाली लाल शाईने ‘लक्ष नाही’ असा शेरा होता. मुलीस खडू धरण्यास सांगितले तर तिची मूठ आवळत आणि सैल होत होती. त्यापुढील काम डॉक्टरांचे होते व ते त्यांनी केले. परंतु तो शेरा माझ्या मनातून जात नाही. सुंदर अक्षर चार-सहा आठवड्यांत विनाकारण बिघडत नाही. ज्या मुलाचे अक्षर प्रथमपासूनच वाईट आहे त्याचा येथे प्रश्न नाही; चांगले अक्षर एकाएकी मोडले, तर शेरा लिहिण्यापूर्वी मुलाच्या हाताकडे पाहावे.

संधिज्वराचे निदान ज्याच्या बाबतीत झाले, त्या मुलास पुन्हा घसा येऊन नवा झटका येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन द्यावे लागते. हे अनेक वर्षे चालते. किती वर्षे, ते हृदयास इजा झाली आहे की नाही यावरून डॉक्टर ठरवितात. इंजेक्शन दुखते. मूल धडधाकट दिसत असते. बापाची मजुरी बुडते. या तीन कारणांनी चार-सहा महिन्यांत टाळाटाळ सुरू होते. वर्गातील दिनदर्शिकेवर एकवीस दिवसांनी एक बारीक खूण करून ठेवण्यास शिक्षकाला काहीच खर्च पडत नाही. त्या दिवशी मुलास अर्धी सुटी देण्यासही कोणी हरकत घेणार नाही.

येथे आपल्या जिल्ह्यापुरती एक विशेष अडचण सांगितली पाहिजे. गळीत हंगामात बीड आणि अन्य जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल या भागांत येतात. त्यांची मुले साखरशाळांत अथवा आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत बसतात. एखाद्या मुलाचे इंजेक्शन गावी सुरू असले, तर ते हंगामभर तुटते, कारण येथे कोणासच त्याची माहिती नसते. नवे मूल दाखल करून घेताना ‘मागील शाळा कोणती’ याबरोबर ‘दवाखान्याचा कागद काही आहे काय, दर महिन्याला सुई घेतोस काय’ असे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर होकारार्थी आले, तर त्याच आठवड्यात आरोग्यसेविकेस कळवावे. एप्रिलमध्ये टोळी परत जाईल, तेव्हा झालेल्या इंजेक्शनांच्या तारखा एका कागदावर लिहून आईजवळ द्याव्यात.

मैदानावरील एका प्रसंगाविषयी मात्र शंकेला जागा ठेवू नये. प्रार्थनेच्या वेळी उपाशीपोटी उभे राहून भोवळ येणे ही सामान्य गोष्ट आहे. धावता धावता, किंवा कुस्तीच्या ऐन झटापटीत, मूल शुद्ध हरपून पडले, तर ती सामान्य गोष्ट नव्हे. आपला जिल्हा तालमींचा. कसलेला देह म्हणजे निरोगी हृदय असे आपण गृहीत धरतो. हृदयाच्या स्नायूचे वा त्याच्या विद्युतप्रवाहाचे काही विकार अशाच धडधाकट मुलांत लपून असतात आणि श्रमाच्या वेळी उफाळतात. असे मूल दोन मिनिटांत उठून बसले व ‘मी बरा आहे’ म्हणाले, तरी तपासणी होईपर्यंत त्यास स्पर्धेत उतरवू नये. घरात कोणी तरुण वयात एकाएकी वारले आहे काय, हेही पालकांना हळुवारपणे विचारावे. आणि मूल उठलेच नाही, हाक मारून हलले नाही, श्वास दिसला नाही, तर एकाने १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा व दुसऱ्याने तत्काळ छातीच्या मध्यभागी दाब देण्यास आरंभ करावा. मिनिटास १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. या क्रियेस सीपीआर म्हणतात. कोल्हापुरात सीपीआर म्हटले की सर्वांस छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवते, आणि ‘सीपीआर द्या’ असे कोणी ओरडले तर लोक गाडी शोधू लागतील! म्हणून मुलांच्या अंगावरच नव्हे, शिक्षकांच्या खोलीतही हा प्रसंग येऊ शकतो हे जाणून, आरोग्य केंद्राकडून हे प्रशिक्षण शाळेतच एकदा घेऊन ठेवावे. प्रौढ माणसाच्या छातीत दडपल्यासारखे दुखून घाम सुटला, दुखणे हातात वा जबड्यात गेले, तर ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून सोडा पाजीत बसू नये. ईसीजी निघेल अशा ठिकाणी त्यास लगेच न्यावे.

तपासणीत काय करतात हे पालकांना ठाऊक नसते, आणि अज्ञानातून भीती उपजते. ती शिक्षकाने घालवावी. डॉक्टर प्रथम स्टेथोस्कोपने ऐकतात. हे साधन १८१६ साली पॅरिसचे डॉक्टर लायनेक यांनी कागदाच्या सुरळीपासून शोधले. रोग्याच्या छातीस कान लावणे संकोचाचे वाटल्याने त्यांनी ती युक्ती केली. झडपांतून जाणाऱ्या रक्ताचा खळाळ त्यातून ऐकू येतो. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. असा आवाज पुष्कळ निरोगी मुलांतही येतो आणि तो सर्वस्वी निरुपद्रवी असतो. तेव्हा पथकाने ‘आवाज येतो, पुढे दाखवा’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ रोग सापडला असा नव्हे. खात्री करून घ्यावयाची आहे, एवढाच.

ती खात्री ईसीजी आणि इको या दोन तपासण्यांनी होते. ईसीजीत छातीस व हातापायांस पट्ट्या लावून हृदयाच्या विद्युतप्रवाहाचा आलेख काढतात. यंत्र शरीरात वीज सोडीत नाही, शरीरातील टिपून घेते. इको म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेले हृदयाचे दर्शन. छातीवर थंड लेप लावून एक लहानसे साधन फिरवतात. सुई नाही, कापणे नाही. त्याचा इतिहास मुलांनाही सांगण्यासारखा आहे. जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतील भेगा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरीत. स्वीडनमधील हृदयतज्ज्ञ इंगे एडलर व पदार्थविज्ञानी हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ साली ते तत्त्व हृदयाकडे वळविले, आणि चालू हृदयाच्या हालचाली बाहेरून पाहता येऊ लागल्या.

पथकाने संदर्भपत्र दिले, येथवर काम सहसा ठीक चालते. त्यापुढे मात्र साखळी तुटते. कागद दप्तरात राहतो. आई म्हणते सुगी झाल्यावर जाऊ. मुलीच्या बाबतीत आणखी एक विचार न बोलता आड येतो: कागदावर हृदयविकार आला, तर पुढे सोयरीक कशी जुळावी? या भीतीस उपदेशाने उत्तर देता येत नाही. दुरुस्त होऊ शकणारा दोष लपवून ठेवला तर तोच बाळंतपणात जिवावर बेततो, हे आरोग्यसेविकेने किंवा आशाताईने आईला एकांतात सांगितलेले अधिक उपयोगी पडते. आणि मुलीचे नाव वर्गात वा चावडीवर निघणार नाही, हे पथ्य शिक्षकाने कसोशीने पाळावे.

खर्चाचीही भीती असते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे आरंभ झालेला हा बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. जन्मजात हृदयदोष आणि संधिज्वराचा हृदयविकार हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत, आणि आढळलेल्या दोषावरील उपचार विनामूल्य करून देणे हा त्याचाच भाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन प्रथम त्यांस भेटावे, असे पालकास सांगून ठेवावे.

डॉक्टरांस चिठ्ठी लिहिताना रोगाचे नाव लिहू नये. जे पाहिले ते लिहावे. नमुना असा: ‘मुलगी, वय ९, इयत्ता चौथी. दोन महिन्यांपासून मैदानाची एक फेरी पुरी करू शकत नाही. जूनमध्ये घसा व ताप यांमुळे पाच दिवस गैरहजर. जुलैत उजवा गुडघा, नंतर डावा घोटा सुजल्याचे आई सांगते. ओठांचा रंग नेहमीचा. भोवळ आलेली नाही.’ हजेरीपट समोर असता ही चिठ्ठी लिहिण्यास दहा मिनिटे लागतात, आणि घाईत असलेल्या डॉक्टरांस तिच्याइतकी माहिती घाबरलेल्या पालकाकडून क्वचितच मिळते.

तपासणीनंतर मुलाने काय करावे व काय करू नये, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. हृदयाचा विकार कळताच मुलास कायमचे व्हरांड्यात बसवून ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ही दया नव्हे. बहुतेकांना बेताचा खेळ चालतो. शस्त्रक्रिया होऊन आलेल्या मुलाचे छातीचे हाड सांधण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात; तोवर त्याचे दप्तर दुसऱ्याने उचलावे, त्यास काखेत हात घालून उचलू नये आणि ढकलाढकलीच्या खेळांत घेऊ नये. दातांची निगा मात्र त्याने इतरांहून अधिक राखली पाहिजे, कारण किडक्या दातांतील जंतू रक्तावाटे दुखावलेल्या झडपेवर जाऊन बसतात. दात काढण्याचा प्रसंग आला तर दंतवैद्यास हृदयाचे कागद आधी दाखवावयाचे, एवढे त्या मुलाकडून पाठ करून घ्यावे.